तट आठवतो, तह आठवत नाही

नवरात्रात आमच्या एरंडोलात कर्तबगार स्त्रियांवर भाषणे होतात. त्यांत चांदबिबी हटकून येते आणि हटकून तटावरच येते: रात्रीतून खिंडार बुजवून घेणारी, हाती तलवार घेतलेली. मग वक्ते विलायतेकडे वळतात आणि तिच्या समकालीन एलिझाबेथ राणीचे ‘सुवर्णयुग’ सांगतात: स्पेनच्या आरमाराचा पराभव, शेक्सपिअर आणि प्रॉटेस्टंट पंथाने स्त्रीला दिलेले सिंहासन. दोन्ही चित्रांना टाळ्या पडतात. राज्य चालले कसे, हे मात्र कोणी विचारीत नाही. आमचे भांडण आहे ते या न विचारण्याशी.

आधी विलायतेचे पाहू. पंथाने स्त्रीला सिंहासन दिले, हे खरे नव्हे. स्त्रीचे राज्य निसर्गाविरुद्ध आहे असे १५५८ साली छापून सांगणारा जॉन नॉक्स प्रॉटेस्टंटच होता. त्याच वर्षी एलिझाबेथ गादीवर आली ती वारसाहक्काने. १५५९ च्या कायद्याने ती चर्चची ‘मस्तक’ न होता ‘सर्वोच्च अधिकारी’ झाली. बाई चर्चचे मस्तक कशी, हा आक्षेप त्यामागे होताच. रविवारी चर्चला न जाणाऱ्यास बारा पेन्स दंड त्याच वर्षी ठरला, आणि १५८१ साली तो महिन्याला वीस पौंडांवर गेला. १५७२ च्या कायद्याने धडधाकट भटक्या भिकाऱ्याला चाबकाने फोडून तापल्या लोखंडाने त्याचा कान भोसकण्याची सोय केली. हे युग सोन्याचे होते, पण कोणासाठी?

तरीही याच राजवटीत, लागोपाठच्या नापिकीनंतर, १६०१ चा गरिबांविषयीचा कायदा झाला. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या पंचक्रोशीने, घरवाल्यांकडून पट्टी गोळा करावी, म्हाताऱ्या-पंगूंना पोसावे, धडधाकटांना काम द्यावे आणि त्याचा हिशेब ठेवावा. यात करुणेइतकीच दंग्याची धास्ती होती. पण भुकेल्याचे पोट दानशूराच्या लहरीवर न सोडता कराच्या वहीत मांडले गेले, ही गोष्ट आरमाराच्या पराभवापेक्षा मोठी आहे. त्याच वर्षी पार्लमेंटने मक्तेदाऱ्यांवर गदारोळ केला आणि राणीने काही जाचक मक्ते मागे घेतले. मात्र ३१ डिसेंबर १६०० रोजी लंडनच्या व्यापाऱ्यांना पूर्वेकडच्या व्यापाराचा पंधरा वर्षांचा मक्ता देणारी सनद कायम राहिली. त्याच कंपनीची वखार पुढे आमच्या शेजारच्या धरणगावी आली, आणि १६७५ साली शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली. म्हणजे त्या राणीचे दप्तर आमच्या बाजारापर्यंत पोचले होते. ते वाचायचे सोडून आम्ही तिच्या झालरीच्या गळपट्टीचे कौतुक करतो.

आता आपल्याकडे. १५८० साली पती अली आदिलशहा गेल्यावर लहानग्या इब्राहिमच्या वतीने विजापूरचा कारभार पाहणारी चांदबिबी आम्हांला ठाऊक नसते. १५९५-९६ च्या वेढ्यात तिने अहमदनगरचा किल्ला राखला, हे खरे. पण वेढा उठला तो तहाने. वऱ्हाड देऊन तिने उरलेले राज्य वाचवले. १६०० साली मोगल पुन्हा आले तेव्हा किल्ला टिकणार नाही हे तिने ओळखले आणि बालराजाच्या जिवासाठी बोलणे करण्याचा विचार मांडला. तिच्याच लोकांनी तिला फितूर ठरवून ठार केले. त्याच वर्षी किल्ला पडला. जानेवारी १६०१ मध्ये अशीरगड पडून आमचे खानदेशही अकबराकडे गेले.

एलिझाबेथने फ्रेंच राजपुत्रांशी लग्नाची बोलणी वर्षानुवर्षे ताणली, तर तिला मुत्सद्दी म्हणतात. चांदबिबीने बोलणे काढले तर तिचा खून झाला, आणि आम्ही तिच्या चरित्रातून ते बोलणेच गाळतो. तट ठेवायचा आणि तह लपवायचा, याचा अर्थ मारेकऱ्यांचा निकाल आम्ही कायम करतो: राणीने लढावे, ठरवू नये. ज्या वास्तूला लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात ती तर सलाबतखान या मंत्र्याची कबर आहे. इतकी आमची आस्था!

त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे. पण अहिल्याबाईंच्या हातीही आम्ही पिंडीच देतो. मोहिमांच्या खर्चावरून तुकोजीरावांशी वर्षानुवर्षे झगडणारी, पैशापैशाचा जाब विचारणारी राज्यकर्ती आम्हांला अडचणीची वाटते. एकीला तलवार, दुसरीला पिंड. दप्तर कोणालाच नाही.

साधने नाहीत, ही सबब कोणी सांगू नये. तवारीखकार फरिश्ता चांदबिबीच्या काळात विजापूर दरबारी होता. महेश्वर दरबारची बातमीपत्रे छापलेली आहेत. आमचे एरंडोल तर एके काळी जाड देशी कागदासाठी प्रसिद्ध होते. हिशेबाचा कागद बनवणाऱ्या गावाने आपल्या राण्यांचा हिशेब विचारू नये, याची आम्हांला शरम वाटते. पुढच्या नवरात्रात व्यासपीठावरून तलवार उपसली गेली, तर वक्त्याला एवढेच विचारावे: सारा किती घेतला, दुष्काळात कोणाला काय दिले, आणि तह कोणत्या अटींवर केला? उत्तर येईपर्यंत टाळ्या राखून ठेवाव्यात.