तुमचा रिपोर्ट आणखी कोण उघडू शकतं?

"डॉक्टर, हे घरी कळायला नको," असं तुम्ही म्हणता आणि मी मान डोलावतो. पण तुमचा रिपोर्ट माझ्या कपाटात नसतो, तो संगणकांवर असतो. आणि तिथलं कुलूप अनेकदा ढिलं असतं.

प्रचंड माहिती साठवण्यासाठी जगभर वापरली जाणारी हडूप प्रणाली घ्या. ती मोठ्या फाइलचे १२८ एमबीचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याच्या ३ प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवते. एखादं यंत्र बंद पडलं तरी माहिती बुडत नाही. कोणी काय पाहायचं हे मात्र 'नेमनोड' नावाचं मुख्य यंत्र ठरवतं. प्रत्येक फाइलला एक मालक, एक गट आणि उरलेले 'इतर'. केसपेपरसारखंच: मी लिहिणार, वॉर्डातल्या सिस्टर वाचणार, बाहेरच्यांनी हात लावायचा नाही.

गंमत पुढे आहे. मूळ सेटिंग तसंच ठेवलं तर नवी फाइल 'इतरां'नाही वाचता येते. शिवाय समोरचा जे नाव सांगेल तेच नेमनोड खरं मानतं. ओळख पटवायला कर्बेरॉस ही व्यवस्था वेगळी जोडावी लागते. म्हणजे दारावर रखवालदार आहे, पण "मी डॉक्टर" म्हटलं की तो बाजूला होतो!

माझं मत विचाराल तर खरा घोळ गटांच्या यादीत आहे. इंटर्नची पोस्टिंग बदलते, यादीतलं नाव तसंच राहतं. एका रुग्णालयातली नोकरी सोडून सहा महिने झाल्यावरही माझं लॉगिन चालू होतं. "इमर्जन्सीत अडायला नको" म्हणून माझे सहकारी सगळ्यांना सगळं उघडं ठेवायला सांगतात. मला हे पटत नाही. इमर्जन्सीसाठी वेगळी वाट ठेवा, पण ती कोणी, कधी वापरली याची नोंद झालीच पाहिजे. एचआयव्हीबाधितांची माहिती सुरक्षित ठेवणं तर २०१७ च्या कायद्याने संस्थांवर बंधनकारकच आहे.

पुढच्या वेळी काउंटरवर विचारून पाहा: "माझी फाइल कोणी उघडली, याची नोंद ठेवता का?" मी एकदा विचारलं, तर आयटीच्या मुलाने माझ्याकडेच बोट दाखवलं. "गटात कोण हवं, कोण नको, हे आम्हाला कसं कळणार सर? यादी तुम्ही द्यायची."

ती यादी आमच्यापैकी कोणीच दिली नव्हती.