पगारातून कापलेले २०० रुपये आणि मोखाड्याचं रोजगार हमीचं काम

वैतरणा : सकाळच्या गाडीनं वैतरणा स्टेशनवरून बोईसरला कामावर जाणाऱ्यांच्या पगारपत्रकात एक ओळ ठरलेली असते, ‘पी.टी. २००’. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५०० रुपये. हा व्यवसाय कर कशासाठी घेतात, हे मात्र बहुतेकांना सांगता येत नाही.

महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्यानं आला, तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोचली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारानं थोडा भार उचलायचा, सरकारनं त्यात तेवढीच भर घालायची आणि गावातल्या माणसानं काम मागितलं तर ते द्यायचं, असा हा व्यवहार. विषमता कमी करणारा कर म्हणजे काय, याचं घरचंच उदाहरण. केंद्राचा रोजगार हमी कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००५ मध्ये आला.

पालघर जिल्ह्यात या व्यवहाराची दोन्ही टोकं आहेत. तारापूर एमआयडीसीत पगार कापला जातो. जव्हार, मोखाडा, विक्रमगडला हमीच्या कामाची गरज असते. काम वेळेवर निघालं नाही की दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर रेतीच्या कामाला बाहेर पडतात. पोरांची शाळा तिथंच सुटते.

खालच्यावर भार जास्त

अडचण कराच्या रचनेत आहे. महिन्याला १०,००० च्या वर पगार गेला की सगळ्यांना एकच दर. महिलांना तेवढी २५,००० पर्यंत सूट आहे. समजा, कंत्राटी कामगाराला १५,००० मिळतात. त्याच्या वर्षाच्या कमाईतले जवळपास १.४ टक्के या करात जातात. त्याच कारखान्यात दीड लाख पगार घेणाऱ्या साहेबाचे जातात ०.१४ टक्के, म्हणजे दहापट कमी. साहेब आयकर वेगळा भरतात, हे खरं. पण गरिबांसाठी म्हणून लावलेला हा कर कमी पगारवाल्यालाच जास्त जड जातो.

राज्य सरकारनं ठरवलं तरी वरच्यांकडून २,५०० पेक्षा जास्त घेता येत नाही. घटनेच्या कलम २७६ मध्येच ही मर्यादा आहे आणि १९८८ पासून ती तशीच आहे. तेव्हापासून पगार वाढले, मजुरी वाढली, मर्यादा हलली नाही. ती १८,००० करावी, अशी शिफारस पंधराव्या वित्त आयोगानं केली होती. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल, म्हणजे प्रश्न दिल्लीत सुटायचा आहे.

तुलनेसाठी साधा हिशोब. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. २,५०० रुपयांत एका मजुराचे आठ दिवस निघतात. १८,००० मध्ये सत्तावन्न. मर्यादा वाढवताना १५,००० वाल्याला करातून वगळलं आणि लाखाच्या पुढच्यांकडून जास्त घेतलं, तरी तिजोरीत भर पडू शकते.

नुसता कर वाढवून भागणार नाही

तिजोरीत पैसा येणं वेगळं आणि गावात काम निघणं वेगळं. हजेरीपट वेळेवर भरला नाही, मोजमाप रखडलं, खात्यात मजुरी उशिरा आली, तर मजूर वाट बघत बसत नाही. भट्टीवाला उचल रोख देतो. हमीची स्पर्धा त्या रोख उचलीशी आहे.

त्यामुळे मागण्या दोन हव्यात. खासदारांकडे कलम २७६ ची मर्यादा बदलण्याची आणि जिल्हा प्रशासनाकडे दिवाळीच्या आधी गावोगावची कामं मंजूर करून ठेवण्याची. पहिलीला वेळ लागेल. दुसरी याच वर्षी होण्यासारखी आहे. ग्रामसभेत कामाची मागणी लेखी द्यायची आणि तारखेची पोच घ्यायची, एवढं तरी गावाच्या हातात आहे.