गोंगाट कुणाचा?

आमच्या गाण्याला गोंगाट म्हणणारी आजवर माणसं होती. आता यंत्रही तेच म्हणतंय आणि आमची शिकलेली पोरं मान डोलावताहेत. म्हणून हे लिहितोय.

भंडारा जिल्ह्यात 14 एप्रिल आला की तुमसर, मोहाडी, पवनीकडं रात्र रात्र भीमगीतं चालतात. ढोलकी, पेटी, बँजो, बाजूला बॉक्सची भिंत. पुण्या-मुंबईत कामाला असलेले पोट्टे गावी येतात, मांडवात लॅपटॉप उघडतात, बटण दाबतात. झालं रेकॉर्डिंग! नंतर ऐकावं तर गायकाचा शब्द गायब, नुसती खरखर. वर म्हणणार, गावातला साउंडच भिकार.

साउंडवाल्याला शिव्या घालण्याआधी आपलं यंत्र बघा. लॅपटॉपच्या अंगातला मायक्रोफोन तांदळाच्या दाण्याएवढा. हातभर अंतरावरून बोलणाऱ्या माणसासाठी, ऑफिसातल्या मीटिंगसाठी तो बनवलेला. साधं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास. बॉक्सपुढचं गाणं 100 च्या वर. 40 डेसिबलचा फरक म्हणजे आवाजाच्या लाटेचा दाब शंभर पट. एवढी लाट यंत्रात मावत नाही, मग ते तिचा माथाच छाटतं. शंबुकाचा वारसा सांगणाऱ्यांना छाटलेल्या माथ्याचा अर्थ सांगायला नको. नंतर आवाज कितीही कमी करा, छाटलेला माथा जसाच्या तसा परत येत नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट. लॅपटॉपमध्ये 'नॉइज सप्रेशन' नावाचा दरबान बसवलेला असतो. बोलणं तेवढं आत घ्यायचं, बाकी सगळा गोंगाट समजून बाहेर काढायचा, हे त्याचं काम. पेटीचा लांबलेला सूर त्याला पंख्याची घरघर वाटते, टाळ्या खडखडाट वाटतात. शिवाय आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय असते. ढोलकीवर थाप पडली की ती सगळ्यांचाच गळा दाबते, गायकाचाही. यंत्राला जात नसते म्हणतात. नसेल. पण ते कुणाला समोर धरून बनवलंय, हे त्याच्या सेटिंगमध्ये दिसतं. त्यात आमचा मांडव नाही.

यावर शहाणे सल्ला देतात: आवाज कमी ठेवा ना! का म्हणून? 1954 ला याच भंडाऱ्यात बाबासाहेब लोकसभेची पोटनिवडणूक हरले. 29 सप्टेंबर 2006 ला याच जिल्ह्यात खैरलांजी घडलं. अशा मातीत माणूस माईक हातात घेऊन बाबासाहेबांचं नाव गातो, तो मोठ्यानंच गाणार. गायकानं गळा आवरायचा नाही. यंत्रानं मागं सरायचं.

आणि ते सरवता येतं, फुकटात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो. बॉक्ससमोरून उठा, मांडवाच्या मागं जा. लॅपटॉप स्टेजच्या फळीवर ठेवू नका, ढोलकीचा हादरा लाकडातून चढतो. खाली घडी घातलेली सतरंजी ठेवा. आवाज 'सुधारणारी' सगळी सेटिंगं बंद करा. सगळ्यात जोरदार गाण्याला काटा शून्याच्या 12 डेसिबल खाली राहील, एवढीच पातळी ठेवा. फाइल 'वेव्ह' मध्ये ठेवा, एमपी-थ्री नंतर करता येते. जमलं तर साउंडवाल्याला विनंती करा, मिक्सरमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसवर वेगळी वायर घ्या. पण लॅपटॉपचा मायक्रोफोनही चालूच ठेवा. मिक्सरला फक्त स्टेज ऐकू येतं. समोरच्या बाया-बापड्यांचा 'जयभीम' त्याच्या वायरीत येत नाही.

आमच्यातल्या काही कवींचं म्हणणं वेगळंच: आवाज फाटला तर फाटू दे, आपला विद्रोह फाटकाच! हे मला साफ नामंजूर. ढोलकीवाला गाणं सुरू होण्याआधी अर्धा तास ढोलकी सुरात लावत बसतो, तो काय फाटकं ऐकवायला? वामनदादा कर्डक शब्दाशब्दाची घडण करत होते, ती काय खरखरीत बुडवायला? गरिबीला सौंदर्य म्हणायची चैन पोट भरलेल्यांनी करावी. आमच्या कलावंताला स्वच्छ ऐकलं जाण्याचा हक्क आहे.

आवाज जपला तरी अर्धं काम उरतं. गाणं मोबाइलवर फिरत राहतं आणि खाली नाव कुणाचंच नसतं. कवी कोण, गायक कोण, ढोलकीवर कोण, गाव कुठलं, तारीख कोणती? याच जिल्ह्यात पवनीला 1969-70 च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडला. तिथल्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांनी आपण ती वाचतो. आणि काल रात्री गळा ताणणाऱ्याचं नाव आज सकाळी कुणाला ठाऊक नाही! हा नाकर्तेपणा मनूच्या माथी मारता येणार नाही. तो आपला आहे.

तेव्हा मित्रहो, लॅपटॉप गावी न्या, खुशाल न्या. भारी माईक येईल तेव्हा येईल, म्हातारे गायक तोवर थांबणार नाहीत. पण बटण दाबण्याआधी गायकाला विचारा. त्याच्या सहकाऱ्यांची नावं लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी ती फाइल त्याच्या घरी नेऊन त्याला ऐकवा, एक प्रत त्याच्या हातात द्या. रेकॉर्डिंगवर पैसा मिळाला तर त्याचा हिस्सा त्याच्या घरी पोचला पाहिजे. एवढं करायची तयारी नसेल, तर खाली बसून नुसतं गाणं ऐका.

जयभीम.