यंत्र येईल तेव्हा येईल, आधी बेणेमळा नीट करू



माझी थोरली मुलगी ठाणे जिल्ह्यात खडवलीला दिलेली आहे. टिटवाळ्याच्या पुढचं स्टेशन, जवळून भातसा नदी वाहते, सगळा भाताचा मुलूख. गेल्या आवणीला तिच्याकडे गेलो होतो. विहीणबाई राबावरची रोपं उपटून मुठी बांधत होत्या. हाताला पिवळं, खुरटं रोप लागलं की बाजूला टाकत. मी म्हटलं, "लावून टाका की, तेवढीच चार चुडं वाढतील." त्या म्हणाल्या, "व्याहीबुवा, आजारी रोप जागा अडवतं नि खतही खातं. त्यापेक्षा बांधावर पडलेलं बरं."

परतीच्या गाडीत मला माझ्याच फडाची लाज वाटली. मागे लागणीची घाई होती म्हणून खोडव्यातलं, मिळेल ते बेणं उचलून मी दीड एकर लावलं होतं. पहिलं वर्ष कसंबसं निघालं. खोडव्याला मात्र जागोजाग बेटं गवतासारखी फुटली, बारीक आणि पांढुरकी. पाणी तेवढंच, खत तेवढंच, वजन मात्र काट्यावर दिसलं नाही. दोष ना कारखान्याचा, ना पावसाचा. दोष माझ्या बेण्याचा.

हे सांगायचं कारण असं. आपल्यातले काही होतकरू सभासद म्हणतात की कारखान्याने स्वतःची ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा काढावी, तीही यंत्रांवर चालणारी. त्यांची तळमळ खरी आहे. पण पैसा सभासदांचा आहे, तेव्हा आधी नीट समजून घेऊ.

ऊतिसंवर्धन म्हणजे उसाच्या शेंड्यातला अगदी बारीक कोवळा गाभा निर्जंतुक बाटलीत, साखर आणि क्षार घातलेल्या खाद्यावर वाढवणं. त्या गाभ्यात रोगाचा शिरकाव कमी असतो, म्हणून नीट तपासणी करून काढलेलं रोप निरोगी मिळतं. दर तीन-चार आठवड्यांनी फुटवे वेगळे करून नव्या बाटलीत घालतात. अशा रीतीने एका शेंड्यापासून वर्षभरात हजारो रोपं होतात. हे काम नवीन नाही. हवाई बेटांवर हाइन्झ आणि मी या शास्त्रज्ञांनी 1969 साली उसाच्या पेशींपासून पूर्ण रोपं वाढवून दाखवली. आपल्याकडे ऊस उत्पादकांच्याच सहकारातून 1975 साली उभी राहिलेली मांजरीची संस्था, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, अशी रोपं तयार करते.

मग यंत्र कशाला? तर बाटलीतलं प्रत्येक रोप चिमट्याने उचलून, कापून पुन्हा लावावं लागतं. हे काम बहुधा बाया-मुली तासन्‌तास बसून करतात आणि रोपाच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा या मजुरीचाच असतो. तो कमी करण्यासाठी परदेशात फुटवे ओळखून कापणारी यंत्रं करून पाहिली गेली. त्याहून साधी युक्ती म्हणजे मोठ्या भांड्यात रोपं ठेवून दिवसातून काही वेळा, थोडी मिनिटंच, हवेच्या दाबाने पातळ खाद्य वर चढवायचं आणि पुन्हा खाली उतरवायचं. फ्रान्समध्ये 1993 साली केळीवर आणि क्यूबात 1998 साली उसावर या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फुटवे भराभर येतात, हाताळणी कमी होते. पण भांड्यात एकदा बुरशी शिरली की सगळं भांडंच वाया, आणि खाद्यात जास्त वेळ बुडालेली रोपं पाणचट होऊन बाहेर टिकत नाहीत. म्हणजे यंत्र आलं तरी जाणता माणूस हवाच.

आता आपला हिशेब करू. जळगावकडचा केळीवाला ऊतिसंवर्धित रोप थेट बागेत लावतो. तिथे लाखो रोपांची गरज आहे. ऊस मात्र कांडीवर वाढतो. चार बाय दोन फुटांवर एका एकराला 5,445 रोपं लागतात. एका एकराच्या चांगल्या बेण्यात पुढे आठ एकर होतात असं धरा. एकाचे आठ, आठाचे चौसष्ट, चौसष्टाचे पाचशे बारा. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशी ही त्रिस्तरीय साखळी नीट चालली, तर साडेपाच हजार रोपांवर तिसऱ्या पिढीत पाचशे एकरांची लागण उभी राहते. एवढ्या रोपांसाठी आपल्याला यंत्र कशाला हवं? ती प्रमाणित प्रयोगशाळेतून दरसाल विकत घ्यावीत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ऊतिसंवर्धित रोपांसाठी 2006 पासून प्रमाणन पद्धत घालून दिली आहे, तिचा दाखला मागावा.

आपलं दुखणं रोपांच्या संख्येत नाही, साखळीत आहे. बाटलीतलं निरोगी रोप आपल्या रानात आलं की तिथला रोग त्याला लागू शकतो. गवताळ वाढ किडींमार्फत पसरते. खोडवा खुजा ठेवणारा रोग तर रोगट ऊस तोडलेल्या कोयत्यावरूनच पुढच्या उसात जातो. पहिल्या एकरात चुकलेलं एक बेट तिसऱ्या पिढीत किती रानांत जाईल, याचा विचार करा. वाढीचं गणित रोगालाही लागू आहे.

म्हणून संचालक मंडळापुढे माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक बेणेमळ्याची वही गट कार्यालयात ठेवावी. रोप कुठून आलं, लागण कधी झाली, रोगट व भेसळीची बेटं कोणी, कधी, किती उपटली, हे तीत लिहावं आणि कोणाही सभासदाला ती बघता यावी. बेणं तोडताना कोयते जंतुनाशकात बुडवावेत. बेणं नऊ-दहा महिन्यांचं, लागणीचंच द्यावं, खोडव्याचं देऊ नये. आणि बेणेमळा कोणाच्या रानात हे वजन बघून ठरू नये, रान बघून ठरावं. मळा संचालकाचा असो की अर्ध्या एकरवाल्याचा, तपासणीत नापास झाला तर तो ऊस गाळपाला जावा, बेण्याला नको.

आपणही हात झटकून चालणार नाही. शेजाऱ्याकडचं फुकटचं बेणं महागात पडतं, हे मी भोगलं आहे. हे सगळं तीन वर्षं नीट करून दाखवू. त्यानंतर कोणी प्रयोगशाळेचा आणि यंत्राचा ठराव आणला, तर हात वर करणाऱ्यांत मी पहिला असेन. तोवर विहीणबाईंची रीत पुरे आहे, आजारी दिसलं की बांधावर.



— एक ऊस उत्पादक सभासद