यंदाचा शब्द : सातत्य

गुढी उभारून झाली की पंचांगाची पूजा करायची आणि संवत्सरफल ऐकायचे, ही आपली जुनी रीत. प्रभवापासून क्षयापर्यंत ६० संवत्सरे ठरलेल्या क्रमाने येतात. त्या क्रमाने शके १९४८ च्या वाट्याला ‘पराभव’ हे नाव आले आहे. ते बदलणे आपल्या हाती नाही. वर्षभर कोणत्या शब्दाचे बोट धरून चालायचे, हे मात्र आपणच ठरवू शकतो.

संकल्पांची लांबलचक यादी बहुधा वैशाख लागण्याआधीच विस्मरणात जाते. एकच शब्द लक्षात राहतो आणि प्रत्येक निर्णयाच्या वेळी कामी येतो. तो निवडताना आपल्या जगण्यात आज काय कमी पडते आहे, ते पाहावे. सतत घाईत असणाऱ्याने ‘सबुरी’ घ्यावी. सगळ्यांना होकार देऊन दमलेल्याने ‘नकार’.

आम्ही ‘सातत्य’ निवडले आहे. या अंकापासून सुरू होणारी गावोगावच्या वाचनालयांवरची लेखमाला एकही महिना न चुकवता वर्षभर चालवू, हा आमचा शब्द. तुमचा शब्द कोणता, ते घरात बसून ठरवा, मुलांनाही विचारा आणि आम्हाला जरूर कळवा. नववर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

– संपादक