मुरमातला यूडीएस

माती परीक्षणाच्या निविदांविषयी वाचकांची पत्रे आम्हाला नेहमीच येतात. गेल्या महिनाभरात मात्र वेगवेगळ्या जिल्ह्यांतून एकच तक्रार आली आहे.

वर दीड-दोन मीटर काळी माती, खाली मुरूम, मग झिजलेला आणि त्याखाली कठीण बेसाल्ट. दख्खनच्या पठारावर रिग चालवणाऱ्या पोरालाही हा क्रम तोंडपाठ असतो. निविदेच्या परिशिष्टाला तो माहीत नाही. त्यात दर तीन मीटरला यूडीएस हवाच! हे परिशिष्ट बहुधा खाडीकाठच्या चिखलासाठी कोणीतरी केले असावे आणि पुढे तेच चिकटवले जात राहिले. मुरमात पातळ नळी ठोकली की तिची कड मुडपते, आत येतो तो चुरा. प्रामाणिक माणूस बोअर लॉगवर तसे लिहितो आणि त्याचे देयक अडते. शेरा: ‘यूडीएसचा तक्ता जोडलेला नाही.’ आयएस 1892 ची 2021 ची आवृत्ती समोर ठेवली तरी साहेबांचे उत्तर ठरलेले, ‘बाब मंजूर आहे, तक्ता आणा.’

मग तक्ता येतो. चुरा साच्यात दाबून डायरेक्ट शिअर होते, सी आणि फाय मिळतात, वर ‘अनडिस्टर्ब्ड’ लिहिले की देयक निघते. त्याच आकड्यांवर आयएस 6403 ने धारणक्षमता काढून डिझायनरच्या हाती दिली जाते. जिथे खरोखर पैसे घालायला हवेत तिथे, म्हणजे खडकात, दर इतका तुटपुंजा की डबल ट्यूबऐवजी सिंगल ट्यूब बॅरल उतरते, कोअरचे तुकडे होतात आणि चांगल्या खडकाचा आरक्यूडी शून्य निघतो. काळ्या मातीचा फ्री स्वेल तर कोणी विचारतच नाही.

सगळे खापर साहेबांवर फोडता येणार नाही. शेजारच्या प्लॉटचा अहवाल घेऊन गट नंबर तेवढा बदलणारे आपल्यातच आहेत. 63.5 किलोचा हातोडा पुरत्या 75 सेंटिमीटरवरून पडतो की नाही, हे पाहायला साइटवर पाऊल न टाकणारेही आपलेच. अशांमुळे कार्यालयात आपल्या शब्दाला किंमत उरलेली नाही.

निविदापूर्व बैठकीत लेखी हरकत घ्या. ‘यूडीएस शक्य नाही, एसपीटीचा नमुना घेतला’ असे लॉगवर लिहून शाखा अभियंत्याची सही जागेवरच घ्या. कोअर बॉक्सचे फोटो खोली आणि तारखेसह ठेवा. तरीही देयक अडले, तर कागदांच्या प्रती आमच्याकडे पाठवा. पुढचा पत्रव्यवहार आम्ही करू. मुरमातल्या यूडीएसच्या तक्त्यावर मात्र कोणीही सही करू नये.