झेप आणि जपणूक

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील नळदुर्ग असो वा महाराष्ट्रातील अन्य कोणतेही गाव, खंडेनवमीला वाहनांची आणि अवजारांची पूजा होते. यंत्राविषयीची ही कृतज्ञता आपल्या संस्कृतीचे भूषणच आहे. परंतु झेंडूची माळ चढविल्यानंतर उरलेल्या वर्षभरात त्या यंत्राशी कोणत्या निष्ठेने वागायचे? रस्त्यावर इंजिन बंद पडले तर गाडी कडेला घेता येते. आकाशात ती सोय नाही.

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभारले. फेब्रुवारी 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांसमोर आले, नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली आणि ऑगस्ट 2020 मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याने उड्डाण केले. या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. मात्र अशी विमाने आणखी घडावीत असे वाटत असेल, तर टाळ्यांच्या जोडीला शिस्तही रुजवावी लागेल. स्वतः बांधलेल्या विमानामागे मोठ्या कारखान्याची देखभाल-यंत्रणा उभी नसते. बांधणाऱ्यालाच आपल्या कामाचा कठोर परीक्षक व्हावे लागते.

हलक्या विमानाच्या इंजिनातील तेल साधारणतः 25 ते 50 तासांच्या वापरानंतर बदलले जाते. जुना फिल्टर फेकून देणे म्हणजे देखभाल नव्हे. तो कापून, उलगडून, त्यात धातूचे कण आहेत काय हे पाहावे लागते. इंजिनाच्या अंतरंगातील झीज हे कण पुष्कळदा आधीच सांगून टाकतात. ती सूचना वाचण्याची सवय मात्र माणसालाच लावून घ्यावी लागते.

उंचीमापकाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ते उंची मोजतच नाही; हवेचा दाब मोजून त्यावरून उंची दाखविते. दाबाच्या मांडणीत 10 हेक्टोपास्कलची चूक झाली, तर काटा सुमारे 300 फुटांनी खोटे बोलतो. शिवाय समुद्रसपाटीच्या दाबावर लावलेला काटा नळदुर्गच्या पठारावर 2000 फूट दाखवितो, तेव्हा त्यातील दीड हजारांहून अधिक फूट जमिनीनेच व्यापलेले असतात!

हा दाब यंत्रापर्यंत पोहोचतो तो विमानाच्या अंगावरील लहानशा छिद्रांतून. ऑक्टोबर 1996 मध्ये पेरू देशातील एका बोइंग 757 विमानाची धुलाई करताना ही छिद्रे चिकटपट्टीने झाकली गेली आणि ती पट्टी काढायची राहून गेली. रात्रीच्या अंधारात वैमानिकांना उंचीही खरी कळेना, वेगही खरा कळेना. विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व 70 जण मृत्युमुखी पडले. अद्ययावत विमान आणि प्रशिक्षित वैमानिक असतानाही एका पट्टीने घात केला. मग गच्चीवर घडलेल्या विमानाला किती सावध राहावे लागेल!

आपल्या समाजाला प्रारंभाचा उत्साह दांडगा आहे. उद्‍घाटनाच्या फिती कापल्या जातात, नारळ फुटतात. देखभालीच्या नोंदवहीतील कोऱ्या रकान्यांकडे मात्र कोणी पाहत नाही. आपल्या तरुणांच्या हाती पाना आणि स्क्रूड्रायव्हर येतोच आहे. त्याच हाती प्रामाणिकपणे भरलेली नोंदवहीही आली पाहिजे. ‘चालतंय की’ ही वृत्ती जमिनीवर खपून जाते. आकाश तिला क्षमा करीत नाही.